पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी इतिहासाचे सिनेमे

ऐतिहासिक सिनेमा म्हटला की तलवारी आणि रक्तपात ठरलेला, असं अनेक पालकांना वाटतं. त्यांनी परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) आधी दाखवावा.

दादासाहेब फाळके लंडनला जाऊन तंत्र शिकतात, रोपट्याची वाढ कॅमेऱ्यात टिपतात आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ या सिनेमाला भिडतात. त्यातल्या तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. स्त्रीपात्रांसाठी मिशा उतरवायची वेळ येते, तिथे मुलं हमखास खिदळतात. आणि नकळत 1913 सालची मुंबईही कळते.

‘गांधी’ (1982) तीन तासांहून मोठा. दोन बैठकींत दाखवलेला बरा. जालियनवाला बागेचा प्रसंग अंगावर येतो, तेव्हा मोठ्यांपैकी कुणीतरी शेजारी हवंच.

‘आनंदी गोपाळ’ (2019) उत्तम, पण नवव्या वर्षी झालेलं लग्न आणि बाळाचा मृत्यू हे विषय जड आहेत. सातवी-आठवीच्या आधी घाई नको.

सेन्सॉरचं ‘यू’ प्रमाणपत्र पुरेसं नाही. त्यातून घटना खऱ्या की रचलेल्या, हे समजत नाही. ‘लगान’मधलं चंपानेर गाव काल्पनिक आहे, हे मुलांना आधीच सांगून टाका.