व्यसन एकाचे, आजार घराचा

व्यसनाधीनता हा आजार असल्याचे वैद्यकशास्त्राने मान्य केले असले आणि २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या असल्या, तरी उपचारांचा विचार बहुधा व्यसनी व्यक्तीपाशीच थांबतो. त्या व्यक्तीच्या पत्नीची, आईवडिलांची आणि विशेषतः किशोरवयीन मुलांची झोप, घरातला पैसा आणि परस्परांवरचा विश्वास हेही त्याच आजाराने पोखरलेले असतात. म्हणून कुटुंबाला मिळणारा आधार ही उपचाराची पुरवणी नसून ती स्वतंत्र गरज आहे.

दारूच्या छायेत वाढणारी मुले जिन्यावर वाजणाऱ्या वडिलांच्या पावलांवरून रात्र कशी जाणार याचा अंदाज बांधायला शिकतात, पुस्तक मिटून धाकट्या भावंडाला आतल्या खोलीत नेतात आणि घरातले बाहेर बोलायचे नाही हा नियम कोणी न सांगताच पाळू लागतात. अशा मुलांचे शाळेत वयाआधीच पोक्त झाल्याबद्दल कौतुक होते. परंतु त्या पोक्तपणाखाली, वडील आपल्यामुळेच पितात, ही अपराधाची भावना अनेकदा दडलेली असते आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

या एकाकीपणावरचा एक उपाय स्वमदत गटांनी, म्हणजे समदुःखी माणसांनी परस्परांच्या आधारासाठी चालवलेल्या गटांनी, शोधला. १९३५ साली अमेरिकेत मद्यपींसाठी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू झाल्यावर, त्यांच्या आप्तांसाठी १९५१मध्ये 'अल-अॅनॉन' आणि किशोरवयीन मुलांसाठी १९५७मध्ये 'अॅलाटीन' हे गट उभे राहिले. नाव गुप्त राखण्याची हमी असलेल्या या बैठकांत, घरातल्या माणसाचे व्यसन आपण लावलेले नाही आणि ते आपल्या हाताने सोडवताही येणार नाही, हे मुलांना समवयस्कांच्याच तोंडून ऐकायला मिळते. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रानेही रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवून हीच जाणीव महाराष्ट्रात रुजवली.

मूलच व्यसनात सापडते, तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. दिल्लीच्या एम्स संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, व्हाइटनर, थिनर यांसारखी हुंगण्याची रसायने हा असा एकमेव प्रकार आहे, ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत जास्त आढळले. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास परिपक्व होत असल्याने या वयात सवय लवकर जडते. दप्तरात वास मारणारी चिंधी सापडली की पालक एक तर मारझोड करतात किंवा बदनामीच्या भीतीने प्रकरण झाकतात; मुलाची उधारी फेडणे, शाळेत खोटी आजारपणाची चिठ्ठी देणे, ही मायेची वाटणारी कृती व्यसनाला पाठबळ देते, कारण परिणामांची झळ त्यामुळे मुलापर्यंत पोहोचतच नाही. पाठबळ थांबवणे म्हणजे मुलाला टाकणे नव्हे. मूल शुद्धीवर असताना शांतपणे बोलणे, पैशाच्या मर्यादा ठरवून त्या दोन्ही पालकांनी सारख्याच पाळणे, आणि मूल तयार नसले तरी पालकांनी स्वतः समुपदेशकाकडे जाणे, या वाटा खुल्या असतात. १४४४६ या राष्ट्रीय मदतक्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. मुलाला मादक पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हेही पालकांनी जाणले पाहिजे.

व्यसनमुक्तीच्या वाटेवर घसरण पुन्हा पुन्हा होऊ शकते, आणि घराचे स्वास्थ्य व्यसनी माणसाच्या मुक्तीवरच टांगून ठेवले, तर मुलांचे शिकण्याचे दिवस वाट पाहण्यातच संपतात. म्हणून वडील अजून पीत असतानाही अशा घरातल्या मुलांना मन मोकळे करायला एक जागा आणि पुस्तक उघडे ठेवता येईल अशी एक संध्याकाळ मिळणे, हे आधाराचे पहिले आणि तातडीचे काम आहे.