तीस सप्टेंबरचा पट

महाराष्ट्रातल्या शाळांचा हिशेब दरवर्षी ३० सप्टेंबरला होतो. त्या दिवशी पटावर जितकी मुलं, त्यावर संचमान्यता ठरते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरतं. बीड जिल्ह्यात त्यानंतर काही आठवड्यांतच, दसरा-दिवाळी उरकली की, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज इथल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, संसार ट्रकमध्ये चढतो आणि त्याबरोबर शाळेतली मुलंही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ती परत येत नाहीत. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत राज्याने शाळांचा पैसा आणि वर्ग यांसाठी केलेले कायदे एक एक करून पाहिले तर सगळ्यांत एक गृहीत दिसतं: मूल वर्षभर एकाच गावात राहतं. बीडमध्ये ते राहत नाही.

निजामाच्या राजवटीत इथलं माध्यमिक शिक्षण बहुतेक उर्दूतून होतं. मराठीतून शिकायचं तर लोकांनी स्वतः वर्गणी काढून शाळा चालवायची, अशी स्थिती होती. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाचं केंद्र झालं. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यातले कितीतरी कार्यकर्ते अशा शाळांतून घडले. त्यामुळे सरकारी पैशाने गावात शाळा येणं, ही गोष्ट मराठवाड्याला उशिरा मिळाली आणि तिचं मोल इथल्या जुन्या माणसांना फार वाटलं.

ती मिळाली १९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमातून. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मराठवाड्यात तर हायस्कूलंही जिल्हा परिषदेची असतात. उर्वरित महाराष्ट्रात माध्यमिक शाळा मुख्यतः खासगी संस्थांच्या, पण इथे आठवी-नववी-दहावीही जिल्हा परिषदेच्या आवारात, सरकारी पगारावरच्या शिक्षकाकडे शिकता आली. बीडमध्ये आज जे डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार, फौजदार दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या घरातली ती पहिली शिकलेली पिढी आहे. राज्याने शिक्षणावर खर्च केलेल्या पैशाचं इतकं रोख फळ दुसरीकडे क्वचितच मिळालं असेल. १९७७ च्या कायद्याने खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांनाही सेवेचं संरक्षण मिळालं.

याच काळात ऊसतोडीचं स्थलांतरही वाढत होतं. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने उभे राहत होते आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात पाणी नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाने उरलीसुरली घरं बाहेर काढली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. तान्ह्या भावंडाला सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, थांबायला थोरली मुलगी लागते, म्हणून सर्वांत आधी शाळा सुटते ती तिची. १९९२ मध्ये राज्याने दारिद्र्यरेषेखालच्या मागास घटकांतील मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला, पहिली ते चौथीसाठी दिवसाला १ रुपया. हेतू चांगला होता. पण ज्या घराने कारखान्याच्या हंगामासाठी हजारोंची उचल घेतली आहे, त्या घराला एका रुपयाने थांबवता येईल, असं कुणी आणि कसं ठरवलं, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

२००० आणि २००१ ही दोन वर्षं मला या सगळ्या मागोव्यात निर्णायक वाटतात. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. पूर्ण पगाराऐवजी तीन वर्षं मानधन, प्राथमिकला महिना ३,००० रुपये. २०२३ मध्ये ते १६,००० झालं. वाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या, पण तिथल्या निमशिक्षकांनी वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर शिकवलं. नियमित शिक्षक व्हायला त्यांना २०१४ उजाडलं. नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच परवानगी देण्याचा निर्णय झाला. संस्थाचालकाला शाळा मिळाली, गावाला पाटी मिळाली, शिक्षकाला पगार मिळाला नाही. २० जुलै २००९ रोजी ‘कायम’ हा शब्द काढला गेला. अनुदानाचा पहिला २० टक्के टप्पा मिळायला सप्टेंबर २०१६ यावा लागला आणि पुढच्या टप्प्यासाठी जुलै २०२५ मध्येही शिक्षक आझाद मैदानावर बसले होते. दिवसा वर्गात शिकवून संध्याकाळी दुसऱ्याच्या शेतात किंवा दुकानात राबणारा शिक्षक या धोरणाने निर्माण केला. १९६२ मध्ये राज्याने जी जबाबदारी अंगावर घेतली होती, ती इथून पुढे हळूहळू उतरवायला सुरुवात झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आला शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. यात पहिल्यांदा ऊसतोड मजुराच्या मुलाला कायद्यात जागा मिळाली. कलम ९ च्या ‘ट’ खंडानुसार स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश निश्चित करणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. कलम ५ सांगतं की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. राज्याचे नियम २०११ मध्ये आले: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत.

पण त्याआधी कारखान्यांच्या तळांवर ‘जनार्थ’सारख्या संस्था साखरशाळा चालवत होत्या. फडाशेजारी, कोप्यांच्या वस्तीत, मुलांच्याच बोलीत शिकवणाऱ्या. नव्या कायद्यानंतर अशा समांतर शाळांना जागा उरली नाही. मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावं, असं ठरलं. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. मजुराच्या मुलाला वेगळी, कमी दर्जाची शाळा का द्यायची? व्यवहारात मात्र साखरशाळा बंद झाल्या आणि नियमित शाळेचं दार त्या प्रमाणात उघडलं नाही.

याचं कारण पैशाच्या नियमात आहे. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद होऊ लागली. नाव एका वेळी एकाच शाळेत राहतं. गावच्या मुख्याध्यापकाने मुलाचं नाव कारखान्याकडच्या शाळेला दिलं तर त्याचा पट घटतो आणि शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. कारखान्याकडच्या शाळेने मूल घेतलं तरी ते सप्टेंबरात तिथे नव्हतं, म्हणून त्या शाळेला एकही शिक्षक वाढवून मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, पण नियमच असा आहे की त्या मुलाला सोडणारा तोट्यात जातो आणि घेणाऱ्याला काही मिळत नाही. सोबत नेण्यासाठी दिलं जाणारं शिक्षण हमी पत्रक हा चांगला कागद आहे, पण त्याच्याबरोबर पैसा जात नाही.

पटाकडे बघण्याची शासनाची नजर त्याआधीच बदलली होती. २०११ च्या ३ ते ५ ऑक्टोबरला झालेल्या पटपडताळणीने राज्यभरातली बोगस हजेरी उघडी पाडली. खोटी नावं लावून अनुदान लाटणाऱ्यांना धडा हवाच होता. मात्र तेव्हापासून शासनाच्या नजरेत कमी पट म्हणजे एक तर लबाडी किंवा उधळपट्टी. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुलांच्या १,३१४ शाळा बंद करण्याचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांसाठी समूहशाळेची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याची, कल्पना पुढे आली. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष आणखी कडक झाले. डोंगरातल्या वाडीत शाळा लहानच असणार. ती दुसऱ्या गावाला हलवली तर मागे आजीजवळ राहिलेली मुलगीही पुढच्या हंगामात ट्रकमध्ये चढेल.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा कायदा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर आणलेली मर्यादा, जी उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १९ जुलैला रद्द केली, यांचा परिणाम बीड, परळी, अंबाजोगाई या शहरांत झाला असेल. तांड्यांपर्यंत तो वाद पोचलाच नाही.

कामाची गोष्ट म्हणावी तर वसतिगृहांची. गावातच हंगामी वसतिगृह, मुलं नातेवाइकांकडे झोपतात आणि शाळेत दोन वेळ जेवतात, ही सोय बीडमध्ये अनेक वर्षं चालत आली. आजी-आजोबांनी ती पेलली, हे विसरू नये. जून २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुला-मुलींची वेगळी. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, अशी तरतूद झाली. उसाच्या टनाशी मुलाच्या शिक्षणाचा पैसा हा निर्णय जोडतो आणि म्हणूनच मला तो सर्वांत न्याय्य वाटतो. तो रुपया न् रुपया वसूल व्हायला हवा.

१६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. लोक एकवटले की शासन अडीच महिन्यांत बदलतं. मग पटाची मोजणी वर्षातून दोनदा, सप्टेंबरात आणि जानेवारीत, करावी आणि जानेवारीत ज्या शाळेत मूल बसलं आहे तिला अर्ध्या वर्षाचा शिक्षक द्यावा, एवढी साधी मागणी अधिवेशनात का गाजू नये? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बीड जिल्हा परिषद प्रशासकाच्या हाती गेली, म्हणून ही जबाबदारी आता आमदारांवर अधिक येते.

तोवर कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावाशेजारी कोप्या पडल्या असतील तर तिथली मुलं हाताला धरून जवळच्या शाळेत न्या. दाखला नसला तरी चालतो. मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं तर त्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आणि ९ दाखवा, आणि त्यानंतरही प्रवेश मिळाला नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.