तिकीट नाही, गेट नाही!

वीकएंड आला की ऑफिसमधल्या मैत्रिणींचं भांडण ठरलेलं, सारसबाग की एम्प्रेस गार्डन? मी गालातल्या गालात हसते. माझ्या कुरखेड्याच्या, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या 'गार्डन'ला तिकीटही नव्हतं आणि गेटही!

गार्डन नंबर एक, सती नदीचा काठ. सायकल आडवी टाकायची, पाय पाण्यात सोडायचे. गार्डन नंबर दोन, पुराडा रोडच्या कडेची मोहाची झाडं. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच टोपल्या घेऊन फुलं वेचायला यायच्या. आम्ही मदत करायचो, म्हणजे लुडबुडच! या दोन्हींना जोडणारा आमचा सायकल ट्रॅक म्हणजे तोच डांबरी रस्ता.

१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. याच रस्त्यावर जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट घडवला. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर जागीच गेले. बातमीत गावाचं नाव ऐकलं आणि पोटात गोळाच आला. त्यानंतर आईचं फोनवर एकच, "आलीस तरी सायकल काढू नको."

गेल्या सुट्टीत काढलीच. बाबा मागून बाइकवर! जांभुळखेड्याजवळ दोघंही थांबलो. कुणीच काही बोललं नाही. तेवढ्यात शाळेच्या पोरींची रांग घंट्या वाजवत शेजारून निघून गेली.

बाबा म्हणाले, "चाल बेटा, ऊन चढते."

कधी येताय मग? गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशनला उतरा. सायकल माझ्याकडून!