परराज्यातली मॉडिफाय गाडी एमएच पासिंग करायचीय? विसार देण्याआधी आरसी बुक आणि गाडी जुळवून बघा

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या सीमेवरच्या तालुक्यांत ‘केए’ नंबरची गाडी दिसणे नवीन नाही. कुणी नोकरी सोडून गावी परत येतो, कुणी विजयपूर किंवा कलबुर्गीकडून जुनी गाडी विकत आणतो. गाडी घरी येते, नारळ फुटतो. खरी अडचण पुढे सुरू होते. गाडीत कुणीतरी आधीच बदल करून ठेवलेले असतात आणि आरटीओच्या तपासणीत ती अडकते.

एक उदाहरण घेऊ. मंगळवेढा तालुक्यातील एका शेतकऱ्याने विजयपूरची, म्हणजे केए-२८ नंबरची, पेट्रोल कार २ लाख ८० हजारांना ठरवली. गाडीला सीएनजी किट आहे, पुढे जाड लोखंडी गार्ड आहे, मूळचा पांढरा रंग आता काळा आहे. विकणारा म्हणतो, “पेपर सगळे क्लिअर आहेत.” पेपर क्लिअर असतीलही. पण आरसी बुकात इंधन ‘पेट्रोल’ आणि रंग ‘पांढरा’ लिहिलेला असेल, तर कागदावरची गाडी वेगळी आणि दारातली गाडी वेगळी. पासिंगला नेमके हेच तपासले जाते.

कोणता बदल चालतो, कोणता अडतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंड ‘प्रत्येक बदलासाठी’ आहे, हे लक्षात घ्या.

म्हणजे सीट कव्हर बदलले तरी गुन्हा का? नाही. गाडीच्या रचनेत फरक पडून तिचे मूळ स्वरूप बदलते, त्यालाच कायदा ‘बदल’ म्हणतो. सीट कव्हर, टेप, मडफ्लॅप, मॅट याने काही बिघडत नाही.

अडतात त्या गोष्टी अशा:

• लोखंडी बुल गार्ड: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितले आहे. पासिंगआधी काढून टाकणेच बरे.

• काळ्या काचा: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

• बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर: आवाज आणि प्रदूषणाच्या गुन्ह्यात कायद्यात १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने अपात्र होण्याची तरतूद आहे. कंपनीचा मूळ सायलेन्सर बसवूनच गाडी न्या.

• रंग: बदलता येतो, पण आरटीओची परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून.

• इंजिन: दुसरे बसवायचे तर आधी मंजुरी लागते. मंजुरी आणि बिल नसलेले इंजिन सगळ्यात जास्त त्रास देते, कारण ते चोरीच्या गाडीचे नाही हे सिद्ध करायची वेळ मालकावर येते.

• वाढीव सीट, कापलेले छत, उघडी केलेली जीप: हरियाणातील डबवालीचा बाजार अशा उघड्या जीपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. व्हिडिओ बघून मोह होतो, पण आरसीवर गाडीचा जो प्रकार आणि जितक्या सीट लिहिल्या आहेत, तेवढीच गाडी पास होते.

• पिकअपचा उंच केलेला हौदा आणि वाढवलेले पाटे: पाटे वाढवले म्हणून आरसीवरची भार क्षमता वाढत नाही. जादा भार सापडला तर २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड कायद्यात आहे.

दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेला बदल मात्र वेगळा. स्कूटरला बाजूची चाके, हाताने चालणारा ब्रेक अशा बदलांना कायद्यात वाट ठेवली आहे. ठरलेल्या अटी पाळून तो बदल आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

सीएनजी किट असेल तर

सीएनजी किट बाहेरून बसवायला कायद्याची मनाई नाही, मात्र अटी आहेत. किट मान्यताप्राप्त असले पाहिजे, ते अधिकृत केंद्रातच बसवलेले असले पाहिजे आणि आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असे चढलेले असले पाहिजे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तिचे प्रमाणपत्र वेगळे.

विकणाऱ्याकडून किटचे बिल, बसवणाऱ्या केंद्राचे प्रमाणपत्र आणि सिलिंडरचे प्रमाणपत्र मागा. तिन्ही मिळाले, तर नोंद करून घेता येते. “गॅरेजवाल्यानं बसवून दिलं, कागद काही नाही,” असे उत्तर आले, तर ते किट उतरवावे लागेल असेच धरून चाला. मग ती गाडी सीएनजीची राहत नाही, पेट्रोलची होते. तिची किंमतही पेट्रोल गाडीसारखीच ठरवा.

आधी तिकडची कामे उरका

बहुतेकांची चूक क्रम लावण्यात होते. आधी गाडी आणतात, मग एनओसी, आणि शेवटी आरसीतली नोंद आठवते. एकदा जुन्या कार्यालयाने एनओसी दिली की तिथे त्या गाडीचे दुसरे काम होणे अवघड होते. त्यामुळे क्रम असा ठेवा.

पहिले, एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या सरकारी वेबसाइटवर गाडीचा तपशील बघा. इंधन, सीट, नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा आणि बाकी चलन तपासा. ॲप नेहमीच्या प्ले स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलन’ म्हणून आलेली फाइल उघडू नका, ती फसवणूक असते.

दुसरे, जे बदल नोंदवता येतात ते जुन्या मालकाकडून तिकडच्याच आरटीओत आरसीवर चढवून घ्या. जे नोंदवता येत नाहीत ते काढून टाका. आपल्या उदाहरणातली कार असेल तर रंगाची नोंद करायची, गार्ड काढायचा आणि किटचे कागद असतील तर इंधनाची नोंद करायची.

तिसरे, कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. बाकी चलन भरा.

चौथे, फॉर्म २८ वर एनओसीचा अर्ज. गाडीवर कर थकलेला नाही आणि ती चोरीची नाही, याची खात्री करून कार्यालय एनओसी देते. अर्जावर ३० दिवसांत काहीच कळवले नाही, तर एनओसी मिळाली असे कायद्याने धरले जाते. तरी कागद हातात असलेला बरा.

गाडी विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच्यासमोर घ्या. को-या फॉर्मवर सह्या घेऊन निघू नका.

‘बारा महिने चालते’ हा गैरसमज

“बाहेरची गाडी वर्षभर चालते, काही होत नाही,” असे गावात सर्रास ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. पण ही मुदत स्वतःच्या नावावरची गाडी घेऊन इकडे राहायला आलेल्याच्या कामाची आहे. गाडी विकत घेतली असेल, तर खरेदीपासून ३० दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. विकत घेणाऱ्याने बारा महिन्यांच्या भरवशावर बसू नये.

इकडे आल्यावर कागद कोणते?

नवीन नंबरसाठी फॉर्म २७ चा अर्ज परिवहनच्या वेबसाइटवरून भरता येतो. आपला तालुका ज्या कार्यालयाकडे येतो तेच निवडा. आपल्या जिल्ह्यात सोलापूर (एमएच-१३) आणि अकलूज (एमएच-४५) अशी दोन कार्यालये आहेत. सोबत ठेवायचे कागद:

• मूळ आरसी आणि एनओसी
• फॉर्म २७, आणि खरेदीची गाडी असेल तर फॉर्म २९ व ३०
• चालू विमा आणि पीयूसी
• पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन
• चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा
• बदल नोंदवलेले असतील तर त्यांची बिले आणि प्रमाणपत्रे
• मालवाहू गाडी असेल तर फिटनेस

त्यानंतर कर. महाराष्ट्रात खासगी कारला एकरकमी कर लागतो. व्यक्तीच्या नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल कारला तो किमतीच्या ११ टक्के, डिझेलला १३ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होत जातो. हा आकडा सौदा करण्याआधीच काढून घ्या, कारण गाडीची खरी किंमत म्हणजे सौद्याची रक्कम अधिक इथला कर. तिकडे आधी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. त्यासाठी नवा नंबर मिळाल्यावर जुन्या राज्यातल्या आरटीओकडे अर्ज करावा लागतो. आरसी आणि जुन्या कराच्या पावत्या जपून ठेवा.

ग्राउंडवर काय बघतात?

कागद झाले की गाडी तपासणीला न्यायची. मोटार वाहन निरीक्षक आधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवतात. नंबरावर गंज किंवा रंग चढला असेल तर आदल्या दिवशी रॉकेल आणि फडक्याने साफ करा. घासून किंवा ठोकून नंबर उजळवण्याच्या भानगडीत पडू नका, खाडाखोडीचा संशय आला की गाडी तिथेच थांबते. पुढे रंग, सीट, इंधन, टायर, दिवे, काचा, सायलेन्सर, नंबर प्लेट हे सगळे पाहिले जाते.

काही त्रुटी निघालीच तर वाद घालू नका, ती लेखी मागा. गार्ड किंवा सायलेन्सर अशी गोष्ट असेल तर दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते. नोंदणीच नाकारली आणि तो निर्णय चुकीचा वाटत असेल, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येते. लेखी आदेश नसेल तर अपील कशावर करणार? “साहेब नाही म्हणाले” हे एजंटचे तोंडी उत्तर त्यासाठी उपयोगाचे नाही.

पास झालेल्या गाडीला नवा नंबर मिळतो. मग हाय सिक्युरिटी प्लेट बसवून घ्यायची.

सगळ्यात महाग पडते ती विम्यातली चूक

दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला तर तसे होत नाही. गाडी विकत घेतल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. समोरच्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर गाडीचा चुराडा झाला तरी भरपाई अडते.

बदलांचेही तसेच. सीएनजी किट पॉलिसीवर चढवलेले नसेल आणि गाडीने पेट घेतला, तर कंपनी पहिला प्रश्न किटचाच विचारणार. म्हणून आरसीवर जे चढले ते पॉलिसीवरही चढवा. नवा नंबर आल्यावर तोही कळवा.

आता आपल्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याने विसार देण्याआधी आरसी हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली असती, तर तीन गोष्टी तिथेच दिसल्या असत्या: रंग, गार्ड आणि किट. मग तो विकणाऱ्याला सांगू शकला असता, “आधी हे आरसीवर चढवा, एनओसी काढा, मग उरलेले पैसे घ्या.” पैसे हातात असेपर्यंत विकणारा चार हेलपाटे घालतो. पैसे दिल्यावर तेच हेलपाटे घेणाऱ्याला विजयपूरला घालावे लागतात.