इंजिनिअरचं बोट

संपादकांना हवा होता कोलॉससवरचा लेख. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी ब्लेचली पार्कला जे यंत्र अहोरात्र चाललं, त्याची जशीच्या तशी पुनर्निर्मिती तिथल्या ब्लॉक एच या इमारतीत उभी आहे. आता तिथे इंग्लंडचं राष्ट्रीय संगणक संग्रहालय आहे. शेजारच्या दालनात १९५१ सालचा, अडीच टनी हारवेल डेकाट्रॉन हा संगणक नारिंगी दिवे नाचवत आकडेमोड करतो. दोन्ही पाहिले, टिपणं काढली. पण त्याच इमारतीत एक वर्गखोली आहे. ओळीने मांडलेले बीबीसी मायक्रो संगणक, सगळे चालू, आणि कुणीही खुर्ची ओढून टाइप करायला बसावं अशी मुभा. मी तिथे रेंगाळलो, आणि लेखाचा विषयच बदलला.

फिकट बदामी रंगाची जाडजूड पेटी, गडद रंगाची बटणं, वरच्या ओळीत लाल-केशरी फंक्शन बटणं. चालू केल्यावर ओळखीचा दोन सुरांचा आवाज येतो, आधी जाड, मग बारीक. काळ्या पडद्यावर यंत्राचं नाव आणि त्याची ३२ के मेमरी उमटते, खाली ‘बेसिक’ या संगणकभाषेचं नाव आणि त्याखाली एक बाणाचं टोक. बस्स. पुढचं तुम्ही सांगायचं. आजची मुलं क्षणभर गोंधळतात, बोटाने पडदा सरकवून पाहतात. मग कुणीतरी दाखवतं की ओळीला क्रमांक द्यायचा, आज्ञा लिहायची, ‘रन’ म्हणायचं. आपलं नाव पडद्यावर खालपर्यंत धावत गेलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो खेळ जिंकल्याचा नसतो. आपण यंत्राला काही सांगितलं आणि त्याने ऐकलं, याचा तो आनंद असतो.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. ब्रिटिश जनतेला संगणक शिकवायचा असं बीबीसीने ठरवलं आणि दूरदर्शन मालिकेच्या जोडीला एक यंत्र निवडायचं ठरलं. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीला ते काम मिळालं. मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला बारा हजार यंत्रं खपतील असा अंदाज होता. खपली पंधरा लाखांच्या आसपास, आणि बहुतेक ब्रिटिश शाळांमध्ये ते पोचलं.

पण मला धरून ठेवलं ते १९८१ मधल्या एका आठवड्याने. बीबीसीची माणसं शुक्रवारी पाहायला येणार आणि दाखवायला यंत्रच नाही, अशी स्थिती. कंपनीचे एक संस्थापक हर्मन हाउझर यांनी इंजिनिअर सोफी विल्सन यांना विचारलं, आठवड्यात नमुना होईल का? त्या म्हणाल्या, अशक्य. मग हाउझरनी दुसरे इंजिनिअर स्टीव्ह फर्बर यांना सांगितलं, सोफी म्हणते होईल. आणि सोफींना सांगितलं, स्टीव्ह म्हणतो होईल. दोघं कामाला लागले. राम बॅनर्जी नावाच्या, तारा गुंडाळण्यात कमालीचा वेग असलेल्या सहकाऱ्याने शेकडो जोडण्या हाताने केल्या. शुक्रवारी पहाटेपर्यंत सगळं जुळलं होतं, तरी यंत्र ढिम्म. शेवटी हाउझरनी सुचवलं की ज्या दुसऱ्या यंत्राच्या आधाराने नमुना तपासताय, त्याच्याशी जोडलेली तार तोडून पाहा. तोडली, आणि नमुना स्वतःच्या घड्याळावर चालू लागला. बीबीसीची मंडळी दाराशी यायला काही तासच उरले होते.

खरा चमत्कार मात्र पुढे, कारखान्यात जायच्या बोर्डावर घडला. या यंत्राचा वेग एका अवघड वाटणीत आहे. प्रोसेसर आणि पडदा रंगवणारा भाग या दोघांना एकच मेमरी वापरायची होती आणि कुणीही कुणाला थांबवायचं नव्हतं. म्हणून प्रोसेसर दोन मेगाहर्ट्झवर चालवला आणि मेमरी त्याच्या दुप्पट, चार मेगाहर्ट्झवर. एक पाळी प्रोसेसरची, पुढची पडद्याची. त्या काळी एवढ्या वेगाची मेमरी जपानच्या हिताचीकडून आणावी लागली. पाळ्या इतक्या घाईच्या की सेकंदाच्या अब्जांश भागांचा हिशोब काठावर येऊन ठेपला. बोर्डावरची एक चिप एका विशिष्ट कंपनीचीच लागे. त्याच क्रमांकाची दुसऱ्या कंपनीची लावली की यंत्र चालत नसे. आणि एक इंजिनिअर बोर्डावर एका ठरावीक जागी बोट टेकवून उभा राहिला की यंत्र नीट चाले. बोट काढलं की बिघडे.

कारण शोधायला वेळ नव्हता. त्यांनी त्या जागी, डेटाच्या तारांवर, रोधकांचा एक छोटा संच बसवला. फर्बर त्याला इंजिनिअरचं बोटच म्हणत आले आहेत. ते का लागतं हे आम्हाला कळलं नाही, पण पंधरा लाख यंत्रं त्यावर चालली, म्हणून कुणी विचारलंही नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. हे वाचल्यापासून मला प्रत्येक बीबीसी मायक्रोच्या झाकणाखाली ते बोट दिसतं. अत्यंत हुशार माणसांनी बनवलेल्या यंत्रातही एक जागा अशी होती, जिथे हाताला कळलं ते डोक्याला कळलं नव्हतं, आणि त्यांनी हातावर विश्वास ठेवला.

याच यंत्रावर सोफी विल्सननी एका नव्या प्रोसेसरच्या आज्ञासंचाची नक्कल बेसिकमध्ये लिहिली. फर्बरनी त्याचा आराखडा केला. २६ एप्रिल १९८५ ला ती चिप बनून आली, एका बीबीसी मायक्रोला दुसरा प्रोसेसर म्हणून जोडली आणि चालली. ती एआरएम. आज जगातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये तिचा वंश आहे. तुमच्याही खिशात आहे.

हे यंत्र आपल्याकडेही आलं. केंद्र सरकारच्या १९८४ च्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पात सुरुवातीच्या अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रोच दिले गेले. कुलूपबंद खोली, चपला बाहेर काढायचा नियम, आठवड्यातून एक तास आणि एका बटणपाटीवर तीन-चार जणांची गर्दी. त्या पिढीतल्या कुणाला विचारा, बेसिकच्या पहिल्या चार ओळी अजून तोंडपाठ असतात. पुढे ही यंत्रं शाळांच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढली, तिथून निर्लेखनाच्या यादीत आणि शेवटी भंगाराच्या लिलावात. इंग्लंडमध्ये त्यांना संग्रहालय मिळालं, आपल्याकडे किलोचा भाव. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण संग्रहालयात ठेवणंही सोपं नाही. या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत पिवळट पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांचं काम मेन्सच्या विजेतला खरखराट गाळण्याचं. आत धातूचा मुलामा दिलेला कागद असतो. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आवरणाला बारीक तडे जातात, कागदात दमट हवा शिरते, आणि चाळीस वर्षांनी कुणी हौसेने बटण दाबलं की काही मिनिटांत फट्‌ असा आवाज, दाट धूर आणि दिवसभर न जाणारा वास. अनेकदा इतकं होऊनही यंत्र मात्र चालूच राहतं.

कपॅसिटर बदलता येतो, नवा आजही मिळतो. सॉकेटमधल्या चिपांचे पाय काळवंडले तर काढून पुन्हा बसवले की बऱ्याचदा भागतं. पडदा रंगवणारी फेरांटीची खास चिप गेली की मात्र पंचाईत. ती मुळातच तापायची, म्हणून तिच्यावर उष्णता सोडणारी पट्टी बसवत. आता ती कुणी बनवत नाही. एक यंत्र जिवंत ठेवायला दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढावी लागते, किंवा हौशी मंडळींनी बनवलेला पर्याय बसवावा लागतो. ईप्रॉम या मेमरी चिपमध्ये साठवलेला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. फ्लॉपीवरचा थर सुटतो. जुन्या काचनळीच्या पडद्यांचं उत्पादनही थांबलं आहे.

याच कुळातल्या एका यंत्राची गोष्ट तर धडकी भरवणारी आहे. इ.स. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी डूम्सडे केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात असंख्य शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती लिहिली, फोटो काढले. सगळं दोन लेझरडिस्कवर भरलं आणि एकॉर्नच्याच मास्टर संगणकाला खास प्लेअर जोडून वाचायची सोय केली. पंधरा-सोळा वर्षांत ते वाचणारी चालू यंत्रं इतकी दुर्मीळ झाली की लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना वाचनाची नवी वाट शोधावी लागली. चामड्यावर शाईने लिहिलेली मूळ वही लंडनच्या क्यू भागात आजही उघडून वाचता येते.

लोक म्हणतात, एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे की. आहे, आणि उत्तम आहे. ब्राउझरमध्ये बीबीसी मायक्रो चालतो, जुने खेळ चालतात. माझी काळजी वेगळी आहे. एम्युलेटर आपल्याला जे कळलं आहे त्याची नक्कल करतो. त्यात प्रत्येक संकेत वेळेवर पोचतो, म्हणून त्याला बोटाची गरजच पडत नाही. ते बोट का लागत होतं हा प्रश्न कुणाला कधी सोडवायचा झाला, तर उत्तर त्या बोर्डावरच सापडेल, आणि बोर्ड उरला तरच. बोर्ड दुरुस्त करता येणारे हातही पिकत चालले आहेत. ब्लेचलीसारख्या ठिकाणी हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांवर चालतं, आणि ऑसिलोस्कोपवरची रेष पाहून कोणती मेमरी चिप मेली हे ओळखणं पुस्तकातून येत नाही, शेजारी बसून येतं.

तेव्हा तुमच्या जुन्या शाळेच्या माळ्यावर, प्रयोगशाळेच्या कपाटात अशी बदामी पेटी दिसली, तर निर्लेखनाच्या कागदावर सही होण्याआधी ती बाजूला काढा. आणि चालते का पाहायला लगेच वीज जोडू नका. आधी कुणा जाणत्या माणसाकडून वीजपुरवठ्याची पेटी उघडून ते पिवळट कपॅसिटर बदलून घ्या.