संकेतस्थळाची राखण

कर्जत तालुक्यांत पेठ गांवाच्या माथ्यावर कोथळीगड उभा आहे. हा गड मराठ्यांचें शस्त्रागार होता. सन १६८४ च्या नोव्हेंबरांत मोगलांची तुकडी रात्रीं दरवाजाशीं येऊन 'दार उघडा' म्हणून ओरडूं लागली. आपलीच माणसें हत्यारें नेण्यास आलीं आहेत, अशा समजुतीनें आंतल्यांनीं दार उघडलें आणि गड गेला, अशी हकीकत सांगतात. कडा ताठ होता, तटही होता. चूक झाली ती आलेल्याची ओळख पटविण्यांत.

संकेतस्थळाचा घात बहुधा असाच होतो. संकेतस्थळ म्हणजे अहोरात्र उघडें असणारें दुकान. कर्जत-खालापुराकडील एखादा निवासगृहाचा मालक आपल्या खोल्यांचीं चित्रें व भाडें तेथें मांडतो. मुंबईचें एखादें कुटुंब तें घरबसल्या पाहून आगाऊ रक्कम धाडतें. दुसऱ्याच्या संगणकांत परवानगीवांचून शिरणाऱ्या भामट्याला हॅकर म्हणतात. तो या दुकानांत शिरला, तर पाटी जशीच्या तशी ठेवून पैसे भरावयाचा खातेक्रमांक तेवढा बदलूं शकतो. पाहुणे पैसे देऊन दारांत उभे राहतात आणि मालकाला त्याची वार्ताही नसते.

त्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली परवलीच्या शब्दाची. 'आपली मुदत संपली आहे, येथें परवली लिहा,' असें खोटें पत्र येतें व मालक स्वतःच किल्ली देऊन बसतो. म्हणून परवली लांब असावी, प्रत्येक ठिकाणीं निराळी असावी, आणि तिच्या जोडीला भ्रमणध्वनीवरील अंकासारखी दुसरी खूण असावी. नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली त्याच दिवशीं रद्द करावी.

दुसरी वाट जुन्या आज्ञावलींची. त्यांत भोकें सांपडतात व कर्ते दुरुस्ती पाठवितात. परंतु दुरुस्ती प्रसिद्ध होतांच भोक कोठें होतें हें हॅकरलाही समजतें. विलंब घातक ठरतो तो यामुळेंच.

तिसरी वाट अर्जाच्या चौकटीची. नांव लिहावयाच्या जागीं हॅकर संगणकाचा हुकूम लिहितो. आज्ञावली कच्ची असेल, तर तो हुकूम पाळला जाऊन गिऱ्हाइकांची सारी यादी बाहेर पडते. बाहेरून आलेला मजकूर केवळ मजकूरच मानावा, अशी तजवीज रचनाकाराकडून करून घ्यावी. पत्त्याशेजारील कुलुपाच्या चिन्हावर मात्र विसंबूं नये. तें वाटेवरील टपाल मोहोरबंद असल्याचें सांगतें, दुकानदाराची सचोटी नव्हे.

संकेतस्थळाहून मोठा पसाराही अशाच वाटांनीं कोसळतो. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीबरोबर आंत शिरला, म्हणजे ओळखीच्या आवाजानेंच दार उघडलें. पुढें तो चोरलेल्या परवलींच्या आधारें आणि मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच बुजविलेल्या, पण अनेकांनीं उघडें ठेवलेल्या भोकांतून पसरला. याच रायगड जिल्ह्यांतील न्हावा-शेवा बंदरांत मर्स्क समूहाच्या टर्मिनलावरील मालाची चढउतार खोळंबली. मर्स्कनें आपलें नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर्स सांगितलें. तिच्या संगणकजाळ्याची मूळ नोंदवही जगभर नष्ट झाली. घानामधील कचेरींत त्या वेळीं वीज गेली होती, म्हणून तेवढी एक प्रत वांचली व तिच्यावरून जाळें पुन्हा उभें राहिलें.

जें तेथें दैवयोगानें घडलें, तें शहाण्यानें नेमानें करावें. संकेतस्थळाची प्रत ठराविक दिवशीं काढून जाळ्यापासून तोडून ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें मधूनमधून पाहावें. घात झालाच, तर संकेतस्थळ तात्पुरतें बंद करावें, सर्व परवली बदलाव्या, भोक बुजवावें व मगच शुद्ध प्रत चढवावी. गिऱ्हाइकांना खरें तें कळवावें. पैसे गेले असतील, तर त्यांना १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावयास सांगावें.

हांक ओळखीची वाटली, तरी खूण पटल्यावांचून अडसर काढूं नये, हें कोथळीगडच्या दरवाजानें तीन शतकांपूर्वींच शिकविलें आहे.