सुप्यात परमिट कुणाला लागतं?

आधी गावाबद्दलचाच गैरसमज काढून टाकू. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपं ते बारामती तालुक्यातलं. आपलं सुपा पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं, पवनचक्क्यांचं आणि आता एमआयडीसीचं. इथं जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा राखलेला आहे, मिडिया या चिनी कंपनीचा कारखाना आहे. पाळी सुटली की रस्त्यावर हिंदी, ओडिया, नेपाळी कानावर पडते, आणि काचा बंद केलेल्या गाडीतून एखादा परदेशी साहेब पुण्याकडे निघालेला दिसतो.

चहाच्या टपरीवर मग ठरलेला प्रश्न निघतो, “या लोकांना इथं काम करायला परमिट लागत नाही का?” प्रश्न नेहमी पायी चालणाऱ्याबद्दल असतो. गाडीतल्या साहेबाबद्दल तो कुणी विचारत नाही. कायदा पाहिला तर कागद लागतो तो साहेबालाच.

बिहार-ओडिशाच्या मजुराचं उत्तर सोपं आहे. तो भारताचा नागरिक, आणि राज्यघटनेच्या कलम 19 नं त्याला देशात कुठेही फिरायचा, राहायचा आणि वाजवी निर्बंध पाळून व्यवसाय करायचा हक्क दिला आहे. पाथर्डीची टोळी ऊस तोडायला कर्नाटकात जाते, पारनेरच्या कितीतरी घरांतला एकजण मुंबईत असतो, तो याच न्यायानं. स्थलांतरित मजुरांची नोंदणी म्हणून जे ऐकलेलं असतं तो 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. त्यातली नोंदणी आणि परवाना मालक-ठेकेदारावर बंधनकारक होता, मजुरावर नाही. आता त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली आहे. घरमालकानं भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तीही काम करण्याची परवानगी नव्हे.

“पण 80 टक्के स्थानिकांचा नियम आहे ना?” आहे, पण तो राज्याच्या उद्योग धोरणातला आहे, आणि त्यात स्थानिक म्हणजे सुप्याचा किंवा पारनेरचा नव्हे. महाराष्ट्रात 15 वर्षांचा अधिवास असलेला तो स्थानिक. गडचिरोलीचा मुलगाही सुप्यात स्थानिकच ठरतो. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत 75 टक्के राखीव जागांचा कायदाच केला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तो 2023 मध्ये रद्द केला. गावातल्या पोरांना काम मिळावं ही मागणी रास्त आहे. बाहेरून आलेल्याला बेकायदा म्हटल्यानं मात्र ती बळकट होत नाही.

आता साहेब. जपानी असो की चिनी, इथं नोकरी करायची तर त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. तो विशिष्ट कंपनीतल्या कामासाठी मिळतो. मन मानेल तेव्हा दुसरीकडे जाता येत नाही. साधारण नियम असा की वर्षाचा पगार 16 लाख 25 हजार रुपयांच्या वर हवा. जे काम भारतीय माणसं सहज करू शकतात त्यासाठी परदेशी माणूस आणू नये, हा त्यामागचा हेतू. यात एक गमतीची सवलत आहे: आपल्या देशाचं जेवण रांधणारा आचारी आणि दुभाषा यांना ही पगाराची अट नाही. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यावर 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. चीन आपला शेजारी आहे, पण त्याची सीमा लागून असल्याचा यात काडीचा फायदा नाही. बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, पाकिस्तान यांच्याही नागरिकांना व्हिसाशिवाय इथं कामाला येता येत नाही.

राहिला नेपाळी, आणि सगळ्यात जास्त घोळ त्याच्याबद्दलच आहे. कुणी त्याला दार्जिलिंगचा म्हणजे भारतीयच समजतं, कुणी घुसखोर. दार्जिलिंगचा गोरखा भारतीय आहेच. पण नेपाळचा नागरिकही पासपोर्ट-व्हिसाशिवाय सोनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावरून चालत येऊ शकतो आणि सुप्यात वॉचमन किंवा आचारी म्हणून राहू शकतो, तेही पूर्ण कायदेशीरपणे. 31 जुलै 1950 रोजी काठमांडूत झालेल्या शांतता व मैत्री कराराचं सातवं कलम राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांत दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर समान वागणूक देतं. युरोपातल्या मुक्त संचाराचं आपण कौतुक करतो, तो ज्यातून उभा राहिला तो रोमचा करार 1957 चा, म्हणजे याच्यानंतरचा. 1 सप्टेंबर 2025 पासून परकीयांविषयीचे जुने चार कायदे जाऊन एकच नवा आला, तरी नेपाळ आणि भूतानच्या लोकांची ही सवलत कायम आहे. नेपाळी माणूस चीनमार्गे आला तर मात्र पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात.

त्याच्याकडे आधार कार्ड दिसलं की लोक दचकतात. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, रहिवासाशी जोडलेलं आहे. आधीच्या 12 महिन्यांत 182 दिवस इथं राहिलेल्या नेपाळी माणसाला ते रीतसर मिळतं. मतदानाचा हक्क त्याला नाही. जमिनीचं तर करारात नाव असूनही गाडं अडतं: परकीय चलनाच्या नियमांनुसार नेपाळच्या नागरिकाला इथली स्थावर मालमत्ता घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. उलट सरकारी नोकरीचं दार मात्र उघडं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला नेपाळ-भूतानचा प्रजाजन बसू शकतो. प्रशासन, पोलीस आणि परराष्ट्र सेवा तेवढ्या वगळून, पात्रता प्रमाणपत्र घेऊन. चायनीजच्या गाडीवर मोमो उकडणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो हसेल, पण नियम आहे.

“मग आपणही तिकडं तसंच जाऊ शकतो?” नेपाळमध्ये जायला व्हिसा नको, इतकं खरं. पण करारासोबतच्या पत्रांत भारतानं मान्य केलं होतं की नेपाळी लोकांना काही काळ अनिर्बंध स्पर्धेपासून संरक्षण द्यावं लागेल. म्हणजे समानता कागदावर, आणि छोट्या शेजाऱ्याची भीतीही कागदावरच. विमानानं काठमांडूला निघालात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. 15 ते 65 वयाच्या प्रवाशाचं आधार तिथं चालत नाही. भूतानमध्ये आपल्याला व्हिसा लागत नाही, पण काम करायचं तर वर्क परमिट घ्यावंच लागतं.

आता ठेकेदारांच्या तोंडचं एक वाक्य, “नेपाळी आहे, त्याला पीएफ लागत नाही.” साफ खोटं. भविष्य निर्वाह निधी संघटना परदेशी कर्मचाऱ्यांना ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ म्हणते आणि त्यांना वेगळे नियम लावते. त्यातही जपानशी आपला सामाजिक सुरक्षेचा करार 2016 पासून लागू असल्यानं जपानी साहेब आपल्या देशाचं प्रमाणपत्र दाखवून इथल्या पीएफमधून सुटू शकतो. नेपाळी कामगार मात्र 1950 च्या करारामुळे, आणि भूतानी 2007 च्या करारामुळे, भारतीय कामगारच धरला जातो. गेटवर रात्रभर उभ्या असणाऱ्या वॉचमनला कामावर घेताना त्याचं नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र जरूर पाहा. आणि ठेकेदाराला त्याचा पीएफ क्रमांकही विचारा.